कुंडीत मुंग्या येतात कशाला? विषारी पावडरीशिवाय करायचा बंदोबस्त

माझ्या गच्चीवरच्या जास्वंदीवर पहिल्यांदा मुंग्यांची रांग लागली, तेव्हा सगळे करतात तेच मीही केलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून मुंग्यांची पावडर आणली, कुंडीभोवती रिंगण घातलं आणि हात झटकले. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी रांग पावसाच्या पाइपावरून वळसा घालून, ग्रिलला टेकलेल्या फांदीवरून थेट झाडावर हजर. कळ्या होत्या तशाच, पिठूळ पांढऱ्या कापसाने लडबडलेल्या. मुंग्या ज्याच्यासाठी येत होत्या ते वर शेंड्याला होतं आणि मी खाली मातीत विष कालवत होते.

तेव्हापासून मुंगी दिसली की ती काय न्यायला आली आहे ते मी आधी शोधते. ते काढून टाकलं की रांग आपोआप विरळ होते. मुंग्या खरोखर हटवाव्या किंवा माराव्या लागतात त्या तीनच वेळी: कुंडीच्या मातीतच त्यांनी संसार थाटला असेल तर, सगळं करूनही भिंतीच्या फटीतून रांगा येतच राहिल्या तर, किंवा अंगणात चावऱ्या लाल मुंग्यांनी ठाण मांडलं असेल तर. पुण्यातली कोरडी गच्ची आणि चिपळूणचं माहेरचं ओलं परस, दोन्हीकडे हेच अनुभवलं आहे, आणि पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. शेवटच्या उपायावर थेट उडी मारू नका. तो एकटा टिकत नाही.

पायरी १ : पंधरा मिनिटं नुसतं बघत बसा

सकाळी उन्हं तापायच्या आत किंवा संध्याकाळी बसा. मे महिन्यातल्या भर दुपारी गच्चीवर मुंगी दिसत नाही, म्हणून त्या गेल्या असं समजू नका. रांगेची दोन्ही टोकं शोधा आणि तीन गोष्टी टिपा.

रांग खोडावरून वर चालली आहे का? असेल तर वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या मुंग्यांची पोटं बघा. खाली येणारीचं पोट फुगलेलं, थोडं पारदर्शक दिसलं तर ती वरून गोड रस पिऊन निघाली आहे. कोवळे शेंडे, कळ्यांचे देठ आणि पानांची मागची बाजू उलटून पाहा. तिथे मावा, पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड अशी रस शोषणारी कीड सापडेल.

रांग मातीत शिरते आहे का? कुंडीच्या कडेला किंवा खालच्या भोकापाशी रव्यासारख्या मातीच्या कणांची बारीक रास असेल, कुंडीवर टिचकी मारल्यावर मुंग्या भराभर बाहेर येत असतील आणि काहींच्या तोंडात पांढरी अंडी-अळ्या असतील, तर घर आतच आहे.

मुंग्यांच्या तोंडात काही आहे का? बी, भाताचं शीत, मेलेला किडा काहीही असू शकतं. मागच्या वर्षी पेरलेला राजगिरा का उगवला नाही, याचं उत्तर मला असंच रांगेत चालताना दिसलं.

कधी कधी झाडावर कीड नसते तरी मुंग्या असतात. चवळी, एरंड आणि कृष्णकमळ या झाडांना फुलांबाहेरही मधाच्या ग्रंथी असतात. कृष्णकमळाच्या देठावर त्या बारीक पुटकुळ्यांसारख्या दिसतात. तो रस प्यायला मुंग्या येतात आणि बदल्यात पानं खाणाऱ्या अळ्यांना हुसकावतात. तिथे काहीही करायची गरज नाही.

मुंगी कोणती तेही बघून ठेवा. सैरावैरा पळणाऱ्या बारीक काळ्या मुंग्या त्रासदायक असतात, पण चावून हैराण करत नाहीत. मोठे काळे मुंगळे किंवा डोंगळे बहुधा कुजक्या लाकडात, भिंतीच्या फटीत राहतात आणि कुंडीत फक्त फेरी मारायला येतात. नांगी मारल्यावर आग होते आणि दुसऱ्या दिवशी पांढरा फोड येतो ती लाल मुंगी वेगळी. तिच्याकडे पुढे वळू.

पायरी २ : आपणच काय वाढून ठेवलंय ते आवरा

मराठी घरातल्या कुंडीत मुंग्या येण्याचं पहिलं कारण चहाचा चोथा आहे, असं माझं ठाम मत आहे. साखर घालून उकळलेला चोथा गाळणीतून थेट गुलाबाच्या बुंध्याशी जातो, वर आपण म्हणतो, खत घातलं. चोथा चालतो, पण दोन-तीन पाण्यांनी धुऊन, वाळवून आणि मातीत मिसळून.

दुसरं कारण तुळस. दुधाचं पाणी, पंचामृत, साखरेचा नैवेद्य सगळं वृंदावनात पडतं. आमच्याकडे आता नैवेद्य छोट्या ताटलीत दाखवतात आणि लगेच उचलतात. सासूबाईंना हे पटायला एक चातुर्मास गेला.

शेंगदाण्याची पेंड, हाडांचा चुरा, केळीच्या साली वर पसरून ठेवल्या तर तेलकट आणि प्रथिनयुक्त खाण्यावर जगणाऱ्या मुंग्या धावत येतात. पेंड दोन-तीन दिवस पाण्यात कुजवून, पातळ करून घाला. घट्ट खत दोन इंच खोल पुरा आणि वर कोरड्या मातीचा थर द्या. जीवामृतात गूळ आणि बेसन असतं. ते नीट आंबू द्या, गाळून घाला आणि कुंडीच्या काठावर सांडलेलं पुसून घ्या.

पायरी ३ : चिकटा थांबवा, हीच खरी लढाई

बागेतल्या मुंग्यांचा प्रश्न सुटतो किंवा अडकतो तो इथेच, म्हणून इथे जरा थांबते.

मावा आणि पिठ्या ढेकूण झाडाचा रस सोंडेने शोषतात. रसात साखर भरपूर आणि प्रथिनं कमी, म्हणून त्यांना खूप रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर ते मागून थेंबाथेंबाने टाकतात. शेतकरी याला ‘चिकटा पडला’ म्हणतात. पानं चकचकीत आणि हाताला चिकट लागतात, नंतर त्यावर काळी बुरशी चढते. हा चिकटा मुंग्यांचं मुख्य अन्न. मग मुंग्या या किडीची गुरांसारखी राखण करतात. ढालकिडे आणि क्रायसोपा या मित्रकीटकाच्या अळ्या मावा खायला आल्या की त्यांना चावून पिटाळतात, काही मुंग्या किडीची पिल्लं उचलून नव्या फांदीवरही नेऊन ठेवतात. म्हणजे मुंग्या असेपर्यंत पिठ्या कमी होत नाही आणि पिठ्या असेपर्यंत मुंग्या जात नाहीत. दोन्हीकडून एकाच वेळी हात घालावा लागतो. मी पावडर टाकली तेव्हा नेमकी यातली अर्धीच बाजू धरली होती, आणि तीही चुकीच्या हत्याराने.

करायचं काय, तर पहिल्या दिवशी जास्त लडबडलेले शेंडे आणि कळ्या कापून पिशवीत बांधून टाका. कंपोस्टमध्ये टाकू नका. मग नळीने पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागच्या बाजूला मारा. मावा इतका नाजूक असतो की अर्धा तिथेच गळून पडतो आणि सोंड तुटलेला मावा परत चढत नाही. पिठ्या मेणाच्या आवरणामुळे चिवट असतो. मोजकी झाडं असतील तर कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक पांढऱ्या ठिपक्याला टेकवा. कंटाळवाणं काम आहे, पण रेडिओ लावून केलं तर एक जास्वंद अर्ध्या तासात होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साबणाचं पाणी फवारा. एक लिटर पाण्याला ५ मिली सौम्य द्रव साबण पुरे. कपड्यांची डिटर्जंट पावडर वापरू नका, तिने पानं करपतात. आधी एका फांदीवर फवारून एक दिवस वाट बघा. नेचा तर साबण अजिबात सोसत नाही. साबण किडीच्या अंगावर ओला असतानाच काम करतो, वाळला की त्याचा उपयोग संपतो, म्हणून पानामागे नीट भिजेल असा फवारा. तासाभराने साध्या पाण्याने धुवा.

तीन-चार दिवसांनी निंबोळी तेल. बाटलीवरचा पीपीएमचा आकडा वाचा, तेलात कीड मारणारा घटक किती आहे ते तो सांगतो. १,५०० पीपीएम असेल तर लिटरला ५ मिली, १०,००० पीपीएम असेल तर २ मिली. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी ते १ ते २ मिली द्रव साबणात घोटा, मग पाणी घाला आणि फवारताना बाटली हलवत राहा. निंबोळ्या घरच्या असतील तर ५ टक्के अर्क यापेक्षा स्वस्त पडतो: ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळीच्या गराची भरड रात्रभर पाण्यात भिजत ठेवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची आणि एकूण पाणी एक लिटर करायचं. त्याच दिवशी वापरा. फवारणी नेहमी ऊन उतरल्यावर करा, आणि फुलांवर मधमाश्या असतील तर थांबा.

हे सगळं सात-सात दिवसांनी तीनदा करायचं. पिठ्याची अंडी कापसासारख्या पिशवीत असतात आणि तिथे फवारा पोहोचत नाही. त्यातून बाहेर आलेली नवी पिल्लं पुढच्या फेरीत सापडतात. बहुतेक लोक एका फवारणीनंतर झाड स्वच्छ दिसलं की थांबतात आणि महिन्याभराने म्हणतात, नीम काही कामाचं नाही.

पावसाळ्यात, हवेत दमटपणा असताना, व्हर्टिसिलियम लेकॅनी ही मित्रबुरशी पिठ्यावर चांगली चालते. कृषी सेवा केंद्रात भुकटी मिळते, लिटरला ५ ग्रॅम, फवारणी संध्याकाळी. उन्हाळ्यात पुण्याच्या गच्चीवर तिच्यावर पैसे घालवू नका, कोरड्या हवेत ती रुजत नाही.

पायरी ४ : वाट तोडा

कीड आटोक्यात येईपर्यंत मुंग्यांना झाडावर चढू द्यायचं नाही. आजीच्या घरात दुभत्याचं जाळीचं कपाट होतं, त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे. तीच युक्ती कुंडीला लागू पडते. मोठ्या ताटलीत पालथी वाटी किंवा विटेचा तुकडा ठेवा, त्यावर कुंडी, आणि ताटलीत पाणी. कुंडीचा तळ पाण्याच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर मुंग्यांऐवजी मूळकूज येईल. पाण्यात साबणाचे दोन-तीन थेंब टाका, म्हणजे पाण्यावरचा ताण मोडतो आणि हलकी मुंगी पृष्ठभागावरून चालून जाऊ शकत नाही.

यात डेंग्यूचा धोका आहे. एडिस डासाला अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून ताटली दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवून मगच पुन्हा भरा. आरोग्य खातं ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणतं तो तुमच्या कुंड्यांनाही पाळा. हे जमणार नसेल तर पाण्याची ताटली ठेवूच नका.

जमिनीतल्या लिंबाला, आंब्याला, कढीपत्त्याला ताटली कुठून ठेवणार? तिथे खोडाला चार बोटं रुंद कापडी पट्टी घट्ट गुंडाळा, तिच्यावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर ग्रीस किंवा व्हॅसलीनचा थर. थेट सालीवर ग्रीस लावू नका, कोवळी साल खराब होते. पट्टीखाली फट राहिली तर मुंग्या बोगदा करून जातात, म्हणून खालचा कापडाचा थर महत्त्वाचा. उन्हात व्हॅसलीन वितळतं, धूळ बसून ग्रीसचा रस्ता होतो, तेव्हा दोन आठवड्यांनी बघून नवा थर द्या. पावसाळा संपल्यावर पट्टी काढून साल मोकळी करा.

आणि फांद्या! भिंत, ग्रिल, वाळत घालायची दोरी, शेजारची कुंडी, यातलं काहीही झाडाला टेकत असेल तर खालची सगळी नाकाबंदी वाया. माझ्या जास्वंदीच्या बाबतीत तेच झालं होतं. वीतभर अंतर राहील इतकं छाटा.

पायरी ५ : कुंडीतलं घर हलवा

कुंडीत मुंग्यांनी घर केलं याचा अर्थ बहुतेकदा एकच असतो: आतली माती कोरडी आहे. तुम्ही रोज पाणी घालत असाल, पण कोकोपीट एकदा कडक वाळलं की पाणी धरत नाही. माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते, पाणी कडेने खाली उतरतं आणि ताटलीत जमा होतं. आपल्याला वाटतं झाड भरपूर प्यायलं, आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत, उबदार, पोकळ. मुंग्यांना यापेक्षा चांगलं घर कुठे मिळणार?

उचलता येईल अशी कुंडी असेल तर टबमध्ये ठेवा. बाजूला एक जुनी कुंडी कोरड्या मातीने आणि नारळाच्या काथ्याने सैल भरून ठेवा. दोन्हींच्या मध्ये काठी आडवी टाका. आता टबमध्ये हळूहळू पाणी भरा, घाई नको. पाणी वर येऊ लागलं की मुंग्या अंडी-अळ्या तोंडात धरून बाहेर पडतात आणि काठीच्या पुलावरून कोरड्या कुंडीत जातात. मुलांना हे बघायला फार आवडतं. पाणी मातीच्या पृष्ठभागापर्यंत आलं की बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, तसंच ठेवा. मुंग्या असलेली कुंडी घरापासून दूर मोकळ्या जागी रिकामी करा. झाडाची कुंडी विटांवर ठेवून पूर्ण निथळू द्या. दोन दिवसांनी हाच प्रयोग पुन्हा करा, कारण राणी पहिल्या खेपेला बाहेर येतेच असं नाही.

लाल चावऱ्या मुंग्या असतील तर गमबूट आणि हातमोजे घाला. त्या पाण्यावर एकमेकींना धरून तरंगणारा गोळा करतात आणि हात लागला की तो गोळा हातावर चढतो. अशा वेळी टबमध्ये साबण टाका, गोळा फुटतो.

निवडुंग आणि अडेनियम यांना बुडवण्यापेक्षा कुंडीतून काढा, माती झटका आणि मुळं बघा. मुळांवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी समजू नका, बहुतेकदा तो मुळांवरचा पिठ्या असतो आणि मुंग्यांनी त्याच्यासाठीच मुक्काम ठोकलेला असतो. मुळं धुवा, दोन-तीन दिवस सावलीत वाळवा, नव्या मातीत लावा आणि जुनी माती फेकून द्या.

मोठं ड्रम किंवा सिमेंटची कुंडी हलत नाही. तिथे बांबूच्या काडीने मातीत सात-आठ भोकं पाडा आणि चार दिवस सकाळ-संध्याकाळ थांबत थांबत भरपूर पाणी द्या. घर सतत ओलं राहिलं की मुंग्या स्वतःच बिऱ्हाड उचलतात. त्यानंतर माती भुसभुशीत करून शेणखत मिसळा, वर वाळल्या पानांचं आच्छादन घाला, म्हणजे पुन्हा तो कोरडा गोळा होणार नाही.

पायरी ६ : आमिष, आणि तेही फिकं

एवढं करूनही भिंतीच्या फटीतून, फरशीखालून रांगा येतच असतील तर बोरिकचं आमिष ठेवा. बाहेर दिसतात त्या मुंग्या वसाहतीचा थोडासाच भाग असतात. राणी आणि पिल्लं आत. पूर्ण वाढलेली मुंगी फक्त द्रव गिळते, पोटाच्या एका कप्प्यात साठवते आणि घरी जाऊन तोंडातून तोंडात वाटते. आमिष तिच्यामार्फत आत पोहोचवायचं आहे, म्हणून ते तिला वाटेतच मारणारं नको. लोक इथेच चुकतात. जास्त बोरिक म्हणजे जास्त गुण, असं नसतं.

प्रमाण असं: २०० मिली कोमट पाणी, चार सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा बोरिक पावडर. हे साधारण एक टक्क्याचं द्रावण झालं. पूर्ण विरघळू द्या. बोरिक पावडर औषधाच्या दुकानात मिळते. कॅरमवर टाकतात त्या पुडीवर बोरिक अ‍ॅसिड लिहिलेलं आहे का ते वाचा, काहींमध्ये ते नसतं.

कापसाचा बोळा द्रावणात भिजवून झाकणाच्या छोट्या डबीत ठेवा. डबीच्या बाजूला खिळा तापवून मुंगी जाईल एवढीच दोन-तीन बारीक भोकं पाडा. उघड्या ताटलीत साखरपाणी ठेवलं तर मधमाश्या येतात आणि त्याही मरतात. डबीवर मार्करने ‘विष’ लिहा. रांगेच्या कडेला, सावलीत, लहान मुलं आणि कुत्रा-मांजर पोहोचणार नाहीत अशा जागी डबी ठेवा. बोरिक पोटात गेलं तर माणसालाही अपाय करतं, घरगुती आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

पहिल्या दिवशी डबीभोवती मुंग्यांची जत्रा भरेल. घाबरून झाडू मारू नका, फवारा मारू नका. तीच तर आपली डाकसेवा. दर दोन दिवसांनी कापूस आणि द्रावण ताजं करा, कारण साखर आंबली की मुंग्या तोंड लावत नाहीत. दोन-तीन आठवडे सलग चालू ठेवा.

साखरेला तोंडच लावत नसतील तर परीक्षा घ्या. एका कागदावर गुळाच्या पाण्याचा थेंब, शेजारी शेंगदाण्याच्या कुटाची चिमूट. तासाभराने गर्दी कुठे आहे ते बघा. कुटावर असेल तर दोन मोठे चमचे कूट, तेलाचे चार थेंब आणि पाव चहाचा चमचा बोरिक असं आमिष करा. एकाच मुंगीची आवडही महिन्याभरात बदलते, घरात अळ्या वाढत असताना प्रथिनं जास्त लागतात.

बोरिक मातीत ओतू नका. बोरॉन झाडाला अगदी चिमूटभर लागतं आणि थोडं जास्त झालं की पानांच्या कडा जळतात. लिंबूवर्गीय झाडं याबाबत फारच हळवी असतात.

अंगणातल्या लाल मुंग्या

पोरं अनवाणी खेळतात तिथे लाल मुंग्यांचं घर असेल तर मी दया दाखवत नाही. उकळतं पाणी हा त्यातला सर्वांत स्वच्छ उपाय. सकाळी गारव्यात, मुंग्या वरच्या थरात असताना, ८ ते १२ लिटर उकळतं पाणी घराच्या मध्यावर सावकाश ओता. टेक्सासमध्ये लाल मुंग्यांनी शेतकऱ्यांना हैराण केलं आहे. तिथले कृषी विस्तारवाले सांगतात की या उपायाने साधारण ६० टक्के वेळा घर मरतं, म्हणजे तीन-चार दिवसांनी पुन्हा ओतायची तयारी ठेवा. झाडाच्या बुंध्याशी आणि कुंडीत हे चालणार नाही, मुळं शिजतात. पाणी नेताना पायात बूट असू द्या आणि पोरांना आत पाठवा.

चावल्यास साबणाने धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा, फोड फोडू नका. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास अडखळू लागला तर घरगुती उपायात वेळ न घालवता तडक दवाखाना गाठा.

बिया, कंपोस्ट, गांडूळखत

राजगिरा, नाचणी, लेट्यूस अशी बारीक बी मुंग्या धान्य म्हणून वाहून नेतात. रोपं ट्रेमध्ये करा, ट्रे पाण्याच्या ताटलीतल्या विटेवर ठेवा आणि पेरल्यावर मातीचा पातळ थर द्या. कोथिंबीर आणि मेथी रात्रभर भिजवून, मोड आणून पेरली तर मुंग्यांना तेवढी सवडच मिळत नाही.

कंपोस्टच्या डब्यात मुंग्या म्हणजे डबा कोरडा. पाणी शिंपडा, खालीवर करा, ओल्या कचऱ्यावर मूठभर माती घाला. गांडूळखताच्या वाफ्याभोवती मात्र पाण्याचा चर किंवा पायांखाली पाण्याच्या वाट्या हव्यातच, कारण मुंग्या गांडुळांवर हल्ला करतात. इथेही डासांचा नियम लागू.

ऐकलेले उपाय आणि त्यांचं खरं वजन

हळद, दालचिनी, हिंगाचं पाणी, लिंबाची साल यांनी मुंग्यांचा वासाचा माग पुसला जातो. रांग काही तास भरकटते, मग नवा माग तयार होतो. पाहुणे यायच्या आधी ठीक. रवा किंवा मक्याचं पीठ खाऊन मुंगीचं पोट फुगून फुटतं ही गोष्ट मात्र साफ खोटी. पूर्ण वाढलेली मुंगी घट्ट कण गिळूच शकत नाही, ती रवा घरी नेऊन अळ्यांना घालते. आजी पुण्य म्हणून वारुळाला पीठ घालायची ते आणि हे, परिणाम एकच.

राख कोरडी असेपर्यंत चालते. पण देशावरची काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात रोज राख म्हणजे लोह मिळेनासं होऊन पानं पिवळी पडणार. व्हिनेगर फरशीवरचा माग पुसायला उत्तम, मातीत घालायला वाईट. मीठ आणि रॉकेल तर झाडालाच मारतात.

डायटमची, म्हणजे सूक्ष्म शेवाळाच्या जीवाश्मांची भुकटी ऑनलाइन मिळते. ती मुंगीच्या अंगावरचं मेण खरवडते आणि मुंगी सुकून मरते. फक्त कोरड्या जागी उपयोगी, राणीपर्यंत पोहोचत नाही, आणि टाकताना नाकातोंडाला मास्क हवा.

मुंग्यांचा खडू निरुपद्रवी वाटतो, पण त्यात कृत्रिम पायरेथ्रॉइड कीटकनाशक असतं. मुलांच्या हाती तो साध्या खडूसारखाच लागतो. दुकानात जाऊन ‘गॅमॅक्सिन द्या’ म्हणणारे अजून भेटतात. ते बीएचसी नावाचं कीटकनाशक भारतात १९९७ पासून बंद आहे. कुंडीत थिमेटचे दाणे टाकायची सवय याहून धोक्याची. ते म्हणजे फोरेट, अतिशय जहाल विष, २०२०च्या अखेरीपासून त्याच्या वापरावर बंदी आहे. कोणी जुना डबा काढून प्रेमाने देऊ केला तर घेऊ नका, विशेषतः त्याच कुंडीत पुदिना असेल तर.

पावसाळ्याच्या तोंडावर

मृगाच्या सुमारास मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढू लागल्या की चिपळूणला पागोळ्यांची तयारी सुरू होते. जमिनीखालची घरं पाण्याने भरतात आणि उंच, निथळती जागा म्हणून कुंड्यांवर धाड येते. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात मी कुंड्या विटांवर उचलते, खालचा पाला झाडते, भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवते. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखाच्या मुंग्या येतात, त्या नव्या राण्या आणि नर. दोन रात्री गॅलरीतला दिवा बंद ठेवला की त्या दुसरीकडे जातात. बोरिकचं आमिष या काळात ओसरीखालीच ठेवा, पावसात ते पाणी होतं.

चिपळूणच्या परसात काजू आहे, त्याच्यावर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या ओंबील आहेत. गोव्यात त्यांना हुमले म्हणतात. चावल्या की ब्रह्मांड आठवतं. तरी काजूवरच्या घरट्यांना आम्ही हात लावत नाही, कारण काजूचा मोहर करपवणाऱ्या ढेकण्या या किडीला त्या शिल्लक ठेवत नाहीत. शेजारच्या आंब्यावर मात्र त्या खवले किडीची राखण करतात, म्हणून तिथे डिसेंबरात खोडाला ग्रीसची पट्टी बांधतो आणि काजूला टेकणारी आंब्याची फांदी छाटतो. फेब्रुवारीत काजू गोळा करताना बाबा सकाळी गारव्यातच झाडाखाली जातात, ओंबील तेव्हा सुस्त असतात, आणि पायाला राख चोळायला विसरत नाहीत.